आठवणी मागे ठेवायच्या तर कशा? आई-वडिलांच्या, आणि आपल्याही

शाईपेन

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, शेवटी धागा काढतेय.

आई ७९ वर्षांची. तब्येत ठणठणीत, गप्पांना बसली की घड्याळाकडे बघायचं नाही. पण "हे सगळं लिहून ठेव ना" म्हटलं की ठरलेलं उत्तर, "माझ्या आयुष्यात काय आहे एवढं लिहिण्यासारखं?" चांगली जाडजूड वही आणून दिली. पहिल्या पानावर जन्मतारीख, आई-वडिलांची नावं, शाळेचं नाव, लग्नाचं साल. पुढे वही कोरी. भाऊ म्हणाला, व्हिडिओ करू. तर कॅमेरा लावला की बाईसाहेब ताठ बसतात आणि सत्काराला उत्तर दिल्यासारखं बोलायला लागतात.

दुसरा भाग माझा स्वतःचा. पन्नाशी उलटली. मुलींसाठी घरादाराच्या कागदांपलीकडचं काहीतरी मागे ठेवावं असं वाटतं. पण किती सांगायचं? सगळं गोडगोड लिहिलं तर मुलींना ते खोटं वाटेल. खरं लिहिलं तर दोन-चार नातेवाईक कायमचे तुटतील.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी लिहा. आठवणी म्हणजे अमूल्य ठेवा वगैरे मला पटलेलं आहे, ते सोडून बोलू. :)

निवांत

वही कोरी राहणारच हो ताई. "तुझं आयुष्य लिही" म्हटलं की माणसाला वाटतं, मोठं काहीतरी सांगायला हवं. मोठं काही हाताशी सापडत नाही आणि पेन खाली ठेवलं जातं. आईंना लिहायला सांगूच नका. बोलायला सांगा, आणि तेही एका वेळी एकच बारकी गोष्ट.

आमच्या वडिलांच्या बाबतीत जमलं ते घराच्या नकाशामुळे. एक कोरा कागद दिला आणि म्हटलं, तुम्ही दहा-बारा वर्षांचे असताना राहायचात त्या घराचा आराखडा काढा. दार कुठे, खिडकी कुठे, कोण कुठे झोपायचं. काढता काढता जिन्यापाशी थांबले आणि म्हणाले, "ह्याची तिसरी पायरी वाजायची. रात्री उशीर झाला की ती ओलांडून जायचो." उशीर कशाने व्हायचा? तर घरी न सांगता एका मित्राकडे पेटी शिकायला जायचे. वडिलांना पेटी येते हेच आम्हाला ठाऊक नव्हतं! पुढचा तासभर मी फक्त "मग?" एवढंच म्हणत होतो.

प्रश्न विचारण्याची एक पद्धत आहे. "तेव्हा फार हाल झाले असतील ना?" असं विचारलं तर "हो, झाले खरे" एवढंच मिळतं, कारण उत्तर आपणच देऊन बसलेलो असतो. "त्या दिवशी सकाळी उठल्यावर आधी काय केलंत?" असं विचारा. आणि उत्तर संपलं असं वाटलं तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. थोडा वेळ गप्प बसा. खरी गोष्ट बहुतेक वेळा त्या गप्प बसण्यानंतरच येते.

आणखी एक. वय वर्षं १० ते ३० या काळातल्या आठवणी म्हातारपणी सगळ्यांत जास्त आणि ठळक येतात, हे मानसशास्त्रात वारंवार दिसून आलेलं आहे. पहिली नोकरी, पहिलं घर सोडणं, पहिली मैत्री, सगळं त्याच काळातलं. म्हणून जन्मापासून क्रमाने सुरुवात करू नका. थेट पंधराव्या-विसाव्या वर्षात शिरा.

मोरपीस

नकाशाची कल्पना जबरदस्त! वाचनखूण साठवली.

कोपरा

एक विरोधी सूर लावतो, राग मानू नये.

कोणाला हवंय हे सगळं? आपल्या फोनमध्ये हजारो फोटो पडलेत, आपण स्वतः बघत नाही. मुलांना त्यांचं आयुष्य आहे. तासन्‌तास रेकॉर्डिंग करून ठेवायचं, आणि पुढच्या पिढीने ते न ऐकल्याचा अपराधभाव वागवायचा, हा कुठला वारसा? मला तर "मी मागे उरावं" या हट्टाचाच वास येतो त्यात.

अर्धविराम

@कोपरा, निम्मं पटलं. ढीग करून ठेवणं म्हणजे जतन करणं नव्हे.

पण "कोणाला हवंय" याबद्दल थोडं वेगळं. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी मुलांसाठी २० प्रश्नांची एक यादी केली होती, हो किंवा नाही एवढंच उत्तर द्यायचं. आजी-आजोबा कुठे वाढले हे तुला माहीत आहे का? आई-वडील कसे भेटले? घरात कुणावर मोठं संकट आलं होतं का? तुझ्या जन्माची गोष्ट ठाऊक आहे का? ज्या मुलांना जास्त उत्तरं माहीत होती त्यांचा आत्मविश्वास आणि आपलं आयुष्य आपल्या हातात आहे ही भावना जास्त आढळली. आता यावरून वीस उत्तरं पाठ करून घ्यायला कोणी बसेल, तर उपयोग शून्य, हे त्या दोघांनीच सांगितलंय. उत्तरं माहीत असणं ही फक्त खूण आहे. ज्या घरात एकत्र बसून बोललं जातं तिथल्या मुलांना ती आपोआप माहीत होतात.

त्यातलं मला सर्वांत आवडलेलं म्हणजे कुटुंबाच्या गोष्टींचे त्यांनी केलेले प्रकार. एक, "आम्ही शून्यातून वर आलो". दोन, "आमचं सगळं होतं, गेलं". आणि तिसरा, "चढलो, पडलो, पुन्हा उभे राहिलो, आणि एकत्र राहिलो". मुलांना बळ देणारा तिसरा. शाईपेन ताई, गोडगोड की खरं या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. अपयशं काढून टाकलीत तर मुलींच्या कामाचं फारसं काही उरणार नाही.

कोपरा

हम्म. संकटात सापडलेल्या मुलाला "आजोबांचाही धंदा बुडाला होता" हे माहीत असणं उपयोगाचं, एवढं मान्य. त्यासाठी चाळीस तासांचं रेकॉर्डिंग मात्र लागत नाही.

निवांत

चाळीस तास कोण म्हणतंय! २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात स्टोरीकोर नावाचा उपक्रम सुरू झाला. एक छोटी खोली, ओळखीची दोन माणसं आत बसतात आणि ४० मिनिटं बोलतात. बस. त्या संभाषणांचा संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या मोठ्या सरकारी ग्रंथालयात आहे. त्यातली बहुसंख्य माणसं तुमच्या-माझ्यासारखी साधी. ४० मिनिटं हा मला नेमका वेळ वाटतो. त्यापुढे बोलणारा थकतो आणि ऐकणारा फोन बघायला लागतो.

चष्मा

माझं काम जुने कागद आणि ध्वनिमुद्रणं सांभाळण्याचं, त्यामुळे बाकी भावनिक बाजू तुम्ही लढवा, मी कोरडं लिहितो.

व्हिडिओचा आग्रह सोडा, आवाज घ्या. आवाजापुढे कोणी ताठ बसत नाही. फोनचं रेकॉर्डर पुरेसं आहे. फोन विमान मोडवर टाका, टेबलावर घडी केलेल्या कापडावर ठेवा, म्हणजे टेबलाची थरथर येत नाही. बोलणाऱ्यापासून हातभर अंतर. पंखा आणि टीव्ही बंद. घड्याळाची टिकटिक तिथे बसल्यावर ऐकू येत नाही, मुद्रणात हमखास येते. सुरुवातीला तारीख, जागा, कोण बोलतंय आणि कोण विचारतंय हे मोठ्याने बोला. मग अर्धा मिनिट घेऊन ते वाजवून बघा आणि पुढे जा.

जमलं तर वेव्ह (WAV, आवाज न कापता साठवणारी फाइल) स्वरूपात घ्या. एका चॅनेलचं, सीडीच्या दर्जाचं मुद्रण तासाला साधारण ३२० एमबी होतं, आजच्या काळात काहीच नाही. एमपी३ आकाराने लहान होते, कारण त्यात आवाजाचा काही भाग कायमचा टाकून दिलेला असतो. ऐकायला, पाठवायला ती प्रत ठीक, मूळ वेव्हच ठेवा.

साठवण ३-२-१ च्या नियमाने. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर. एकच पेनड्राइव्ह कपाटात ठेवून निश्चिंत होऊ नका. त्यातली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षं न वापरता पडून राहिला तर तो भार गळत जातो. हार्ड डिस्कही कायमची नाही. दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवत राहायचं, हा या सगळ्यातला न टळणारा भाग.

आणि कागदाला कमी लेखू नका. आम्लमुक्त कागदावर, रंगकणांच्या शाईने लिहिलेलं किंवा छापलेलं साध्या कोरड्या कपाटात शंभर वर्षं सहज टिकतं, शिवाय वाचायला चार्जर लागत नाही. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आतल्या आम्लामुळे पिवळा पडतो आणि त्याचे तुकडे होतात, जुनी वर्तमानपत्रं आठवा. त्यावरचं महत्त्वाचं काही असेल तर आजच स्कॅन करा.

शाईपेन

@चष्मा, बापरे, केवढं उपयोगी! फोटोंचंही सांगा ना. आईकडे एक पेटीभर आहेत. निम्म्यांत कोण आहे ते फक्त तिलाच माहीत.

चष्मा

तर मग रेकॉर्डिंगच्याही आधी तेच करा. नाव नसलेला फोटो आई असेपर्यंत फोटो आहे, नंतर तो अनोळखी माणसांचा कागद होतो.

फोटो समोर ठेवून आईंना बोलतं करा आणि आवाज चालू ठेवा. एका दगडात दोन पक्षी. नावं डावीकडून उजवीकडे, पुढची रांग आधी. नुसतं "काकू" लिहू नका. कोणाची काकू, हे वीस वर्षांनी कोण सांगणार? पूर्ण नाव आणि नातं लिहा. जुन्या कागदी फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहायचं. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई खालच्या फोटोला लागते. नंतरच्या काळातल्या प्लास्टिकचा थर असलेल्या फोटोंवर पेन्सिल उठत नाही, त्यांना वेगळ्या कागदी पाकिटात घालून पाकिटावर लिहा.

स्कॅन ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके. पोस्टकार्डाएवढा फोटो, म्हणजे चार बाय सहा इंचाचा, त्यातून साधारण २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो, मोठा करून छापायलाही पुरतो. चिकट पानांचे, वर प्लास्टिकची झिल्ली असलेले अल्बम फोटोंचे शत्रू. तो गोंद पिवळा पडतो आणि फोटोला धरून ठेवतो. त्यातले फोटो ओढून काढायच्या आधी अल्बमच्या पानासकट स्कॅन करा, म्हणजे काढताना फाटला तरी हाताशी काहीतरी राहील.

फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला म्हणजे जपला असं समजणारे बरेच आहेत. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

विसावा

माझी परिस्थिती जरा वेगळी आहे. वडिलांचं विसरणं सुरू झालंय. डॉक्टरांनी निदान सांगितलंय. आता हे सगळं सुरू करण्यात अर्थ आहे का? तारखा विचारल्या की चिडतात.

निवांत

अर्थ आहे, फक्त तारखा विचारू नका. "आठवतंय का?" हे दोन शब्द पूर्णपणे टाळा, त्यांना ती परीक्षा वाटते. हातात वस्तू द्या. जुनं घड्याळ, कामावरचं एखादं हत्यार, त्यांच्या तरुणपणीचं गाणं लावा. अशा आजारात अलीकडचं आधी पुसलं जातं, लांबचं बराच काळ शिल्लक राहतं. दहा-पंधरा मिनिटं पुरे, सकाळी, मन थाऱ्यावर असताना. चुकीचं सांगितलं तर दुरुस्त करत बसू नका. पुन्हा पुन्हा तीच गोष्ट सांगतील, ती प्रत्येक वेळी रेकॉर्ड करा. दर खेपेला एखादा नवा तपशील निसटून येतो.

अर्धविराम

@विसावा, यात भर. पूर्वी म्हाताऱ्या माणसांचं जुन्या आठवणींत रमणं हे बुद्धी उताराला लागल्याचं लक्षण मानत. रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञाने १९६३ मध्ये ते उलटं मांडलं. उतारवयात माणूस मागे वळून आयुष्याचा हिशेब लावतो, ते स्वाभाविक आणि गरजेचं आहे असं त्याचं म्हणणं. तेव्हा हे फक्त आपल्यासाठी गोळा करतोय असं मानू नका, सांगणाऱ्यालाही त्यातून काही मिळत असतं.

याच धर्तीवर कॅनडातल्या हार्वे चोचिनोव्ह यांनी आयुष्याच्या अखेरीला आलेल्या रुग्णांसाठी एक उपचार बेतला. त्याला डिग्निटी थेरपी म्हणतात. २००५ मध्ये १०० रुग्णांवरचा त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णाशी ठरावीक प्रश्नांवर बोलायचं. आयुष्यातला कोणता काळ सर्वांत जिवंत वाटला? जवळच्यांना काय सांगायचं राहिलंय? ते शब्दशः उतरवायचं, नीटनेटकं करायचं, आणि मग त्यालाच वाचून दाखवायचं. तो म्हणेल ते बदलायचं, आणि अंतिम प्रत त्याच्या हातात द्यायची, हवी त्याला त्याने द्यावी. त्या रुग्णांपैकी ९१ टक्क्यांनी समाधान सांगितलं. नंतरच्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत मात्र मानसिक त्रासाच्या मोजमापात ठळक फरक दिसला नाही, तेव्हा याला औषध समजू नये. पण "वाचून दाखवा आणि बदलू द्या" ही पायरी घरीही पाळाच. आईने गप्पांच्या ओघात जावेबद्दल जे सांगितलं ते तिला छापील हवंच असेल असं नाही.

कोपरा

आता खऱ्या मुद्द्यावर आलात. आमच्या नात्यातल्या एका बाईंनी आठवणी लिहून घरगुती पुस्तक छापलं, सगळ्यांना वाटलं. त्यात बहिणीच्या पहिल्या, मोडलेल्या लग्नाचा उल्लेख होता. बहिणीच्या मुलांना तोवर ते माहीतच नव्हतं. पुढे काय झालं असेल ते समजून घ्या. खरं ते सांगायचं म्हणताना कोणाचं खरं, हेही बघायला नको?

अर्धविराम

अगदी. मी स्वतःसाठी एक रेघ आखलीय. माझं दुःख, माझी चूक, माझी भीती मी सांगणार. दुसऱ्याचं गुपित, ते माझ्या आयुष्यात कितीही गुंतलेलं असलं तरी, त्याला विचारल्याशिवाय नाही. "अमक्याने मला फसवलं" याऐवजी "त्या वर्षी माझा माणसांवरचा विश्वास उडाला, आणि परत बसायला असा असा वेळ लागला" असं लिहिता येतं. मुलींना त्यातलं हवं ते मिळतं.

आणि हिशेब चुकते करायला लिहू नका. ज्याला उत्तर द्यायला जागा नाही त्याच्यावर शेवटचा शब्द टाकून निघून जाणं मला तरी बरं वाटत नाही.

चष्मा

मधला मार्ग आहे. संग्रहालयांत खाजगी कागद देणारे लोक "अमुक सालापर्यंत उघडू नये" अशी अट घालतात आणि ती पाळली जाते. घरीही करता येईल. वेगळं पाकीट, वर कोणी आणि कधी उघडायचं ते स्पष्ट. पण ते पाकीट आहे हे निदान एका माणसाला माहीत हवं.

पायवाट

जे जमवलंय ते मागे राहिलेल्यांना उघडता आलं पाहिजे, हा मुद्दा अजून कोणी काढला नाही. सगळं क्लाउडवर, आणि पासवर्ड माणसाबरोबर गेला, असं सर्रास होतं.

गुगलमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. तुम्ही ३, ६, १२ किंवा १८ महिने खातं वापरलं नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसांना (१० जणांपर्यंत) कळवलं जातं आणि तुम्ही ठरवलेली माहिती त्यांना उतरवून घेता येते. हे सेट करून ठेवा, कारण २ वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गुगल आता काढून टाकू शकतं. अ‍ॅपलमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमता येतो, त्याला एक किल्ली-संकेत मिळतो आणि नंतर मृत्यूच्या दाखल्यासोबत तो द्यावा लागतो. त्यातून फोटो, नोंदी मिळतात, साठवलेले पासवर्ड मिळत नाहीत. फेसबुकवरही तशी सोय आहे. तिन्ही मिळून अर्ध्या तासाचं काम.

पासवर्ड मृत्युपत्रात लिहू नका. बऱ्याच देशांत मृत्युपत्र नंतर सार्वजनिक कागद होतं. आणि उलटंही, मालमत्तेच्या सूचना आठवणींच्या वहीत घालू नका. कायद्याने त्या बहुधा चालायच्या नाहीत, भांडणं मात्र होतील.

अवांतर: हल्ली थोड्याशा रेकॉर्डिंगवरून हुबेहूब आवाज बनवता येतो. माझ्यामागे माझा आवाज वापरून कोणी मला बोलतं करावं की नाही, हे मी लिहून ठेवलंय. नाही, असं लिहिलंय.

मोरपीस

@पायवाट, मी तर "हो, पण फक्त वाढदिवसाला आणि फक्त रागावण्यासाठी" असं लिहिणार. :ड

शाईपेन

सगळ्यांचे मनापासून आभार. या रविवारी पेटी उघडली. आईला आधी फोटो दाखवले, फोन कापडावर बाजूला. अर्ध्या तासात ती माझ्याकडे बघायचंही विसरली. एका फोटोत चौघी मैत्रिणी आहेत. त्यातल्या एकीच्या पायात दोन वेगळ्या चपला. आई म्हणाली, "तुटली होती तिची, एक माझी दिली. म्हणून मी मागे उभी आहे." मी तो फोटो लहानपणापासून बघतेय, पाय कधी दिसलेच नव्हते.

एक अडचण आली. त्या काळात घर बदलावं लागलं त्याची गोष्ट आई एक सांगते आणि मामा वेगळीच. साल वेगळं, कारणही वेगळं. दोघंही ठाम. आता मी मुलींसाठी कुठली ठेवू? दोघांना एकत्र बसवून सोक्षमोक्ष लावू का?

चष्मा

अजिबात नको. एकत्र बसवलंत तर ज्याचा आवाज मोठा त्याची गोष्ट उरेल, दुसरा आपली सोडून देईल. आठवण ही दर वेळी नव्याने रचली जाते, हे फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्येच दाखवून दिलंय. दोघं खोटं बोलत नाहीत, दोघांनी वेगळ्या वयात, घराच्या वेगळ्या कोपऱ्यातून ते बघितलंय.

दोन्ही ठेवा. मामांचं रेकॉर्डिंग वेगळं करा, आई नसताना, आणि आईची गोष्ट त्यांना आधी सांगू नका. फाइलच्या नावात आधी तारीख, मग बोलणाऱ्याचं नाव, मग विषय. सालासाठी भाडेपावती, शाळेचा दाखला, पत्रावरचा शिक्का असं काही सापडलं तर त्याचा फोटो त्याच फोल्डरमध्ये टाका. नाही सापडलं तर दोन सालं तशीच राहू देत. आणि मामांचं वय काय? आईंपेक्षा मोठे असतील तर आधी त्यांच्याकडे जा.

शाईपेन

मामा ८४. शनिवारी जातेय.